वादळात पडलेला गोठा उतरवताना

गोठा पडला की लोक आधी जेसीबी बोलावतात. कृपा करून बोलावू नका. जुन्या गोठ्यात सागाचे वासे, ऐनाचे खांब असतात आणि जेसीबीच्या एका फटक्यात त्यांचं सरपण होतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ठाण्याला ओवळ्यात आमच्या गोठ्याचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, खचलं. आम्ही तो हातानेच उतरवला आणि त्याच लाकडावर पुन्हा उभा केला.

गुरं बाहेर काढा, वीज बंद करा. लोंबती तार दिसली तर महावितरणला कळवा, जवळ जाऊ नका. मग चारी बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आवराआवर त्यानंतर.

गमबूट हवेतच. गोठ्याच्या चिखलात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. पायाला जखम असेल तर आत उतरूच नका. कौलांच्या ढिगात घोणस असू शकते, म्हणून आधी काठीने चाचपा. दिसली तर सर्पमित्राला बोलवा.

आढ्याला टेकू दिल्याशिवाय वर कोणी चढायचं नाही. कौलं दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, सारखी काढत या, नाहीतर जड बाजू सगळा सांगाडा ओढून घेते. प्रत्येक कौल वाजवून बघा: खणखणलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा गेलाय. रचताना उभी रचा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. मास्क लावून, पाणी मारून, न फोडता अख्खे उतरवा.

आता लाकूड, खरं धन तेच. खांब कुजतो तो बहुधा जमिनीलगत. तिथे पेचकस टोचा. सहज आत गेला तर वर सरकत टोचत राहा आणि जिथे अडेल त्याच्या थोडं वर कापा. आमच्या एका खांबाच्या बुडाचा वाळवीने भुसा केला होता, सुतार तर टाकूनच द्या म्हणाला. कापल्यावर आत घट्ट, कोरडं लाकूड निघालं. तो खांब आज दगडावर उभा आहे.

खिळे टोकाकडून ठोका, डोकं वर आलं की पकडीने ओढा. वासे सावलीत, विटांवर, मध्ये रिपांचे (पातळ लाकडी पट्ट्यांचे) तुकडे घालून रचा; ओलं लाकूड उन्हात टाकलं तर पिळवटतं.

भिजलेल्या पेंढ्याला बुरशी येते, तो गुरांना घालू नका. ढीगही ठेवू नका, आतून तापून पेटू शकतो. पसरा आणि खताच्या खड्ड्यात टाका.

ताडपत्री लाकडाला चिकटवून टाकू नका. बांबूवर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे पाऊस लागला तरी हवा खेळेल.