व्हिगन ब्राउनी: ओव्हनमध्ये अर्धी, फ्रिजमध्ये पुरी

अंड्याची ब्राउनी ओव्हनमध्येच बरीचशी घट्ट होते, कारण उष्णतेने अंडं आळतं. अंडं नसलं की ते काम मैद्याचा स्टार्च आणि चॉकलेट करतात, आणि चॉकलेट आळतं गार झाल्यावर. म्हणजे व्हिगन, अर्थात अंडी-दूध न घातलेली ब्राउनी बाहेर काढताना मध्ये कच्चट वाटणारच. तिथे घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवली, की हाती कोरडा केक येतो.

७ इंची चौकोनी टिनसाठी मैदा १०० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, वास नसलेलं रिफाइंड तेल ८० मिली, पाणी ८० मिली, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, त्याहून जास्त नको. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’ असेल तर ते व्हिगन नाही, कितीही काळं दिसो. वजनकाटा वापराच, वाटी दाबून भरली की मैदा वाढतो आणि पोत तिथेच बिघडतो.

विदर्भात जवस चटणीसाठी घरात असतंच. इथे मिश्रण बांधून ठेवायला तेच वापरायचं, पण कच्चंच दळा, भाजलेल्याचा वास ब्राउनीत उतरतो. २ टेबलस्पून पूड वेगळ्या ६ टेबलस्पून पाण्यात १५ मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते. पूड जाडसर राहिली तर दाताखाली येते.

साखर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. ती तेल आणि ८० मिली पाण्यासोबत उकळी येईपर्यंत गरम करून चॉकलेटच्या तुकड्यांवर ओता, दोन मिनिटांनी फेटा. साखर जितकी विरघळेल तितकी वरची पापुद्र्यासारखी चकाकी चांगली येते. मिश्रण फाटून तेल सुटलं, तर चमचाभर गरम पाणी घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतं. कोमट झाल्यावर जवस घाला, मग चाळलेला मैदा, कोको, बेकिंग पावडर आणि मीठ. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. घोटत राहिलात तर ब्राउनी चिवट होते.

आधी तापवलेल्या ओटीजीत १७० अंशांवर २४ ते २७ मिनिटं. कडेपासून दोन बोटं आत टोचलेल्या काडीला ओलसर कण लागावेत, मधोमध थोडा लगदा चालेल. काडी कोरडी निघाली तर उशीर झालाय.

आता नागपूरची खरी अडचण. डार्क चॉकलेट साधारण ३२ ते ३४ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात स्वयंपाकघर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. ओट्यावर रात्रभर ठेवली तरी ब्राउनी आळणार नाही. तासभर जाळीवर ठेवून वाफ जाऊ द्या, मग झाकून किमान ३ तास फ्रिजमध्ये. कूलरसमोर मात्र ठेवू नका. त्या दमट हवेत वरची पापडी नरम पडते. रिफाइंड तेलाऐवजी खोबरेल वापरलं तर हिवाळ्यात उलटा त्रास: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे गार घोळात त्याच्या गुठळ्या होतात. सूर्यफुलाचं तेल तेव्हा बरं.

संत्र्याच्या हंगामात साल किसून घालता येते, एका फळाची पुरे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ सोलण्याआधीच हलक्या हाताने फक्त केशरी भाग किसा. पांढरा भाग कडू लागतो. पाण्याऐवजी रस घालू नका, चॉकलेट आंबूस लागतं.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, प्रत्येक कापाआधी.