ईमेलमधलं जुनं, असुरक्षित फीचर काढताना : ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ओपन सोर्समध्ये यायचं म्हटलं की बहुतेकांना नवं फीचर लिहायचं असतं. माझा आग्रह वेगळा आहे : ईमेल क्लायंटमधलं, म्हणजे मेल वाचायच्या-पाठवायच्या ॲपमधलं, एखादं जुनं, असुरक्षित फीचर काढायला घ्या. प्रोटोकॉल, सुरक्षा आणि वापरणारी माणसं, तिन्ही इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काम मला तरी ठाऊक नाही.

मी सुरुवात केली ‘उपलब्ध असल्यास टीएलएस’ या पर्यायापासून. टीएलएस म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल. ऐकायला तो समंजस वाटतो. प्रत्यक्षात क्लायंट सर्व्हरला ईएचएलओ म्हणतो (हा त्यांचा पहिला नमस्कार) आणि सर्व्हर आपल्याला काय काय येतं ते सांगतो. त्यात एक ओळ असते, ‘250-स्टार्टटीएलएस’, म्हणजे ‘इथून टीएलएस सुरू करता येईल’. इथवरचं बोलणं सगळं उघड्यावर. मधे बसलेल्या कुणी ती ओळ गाळली की क्लायंट समजतो, या सर्व्हरला टीएलएस येतच नाही. मग पासवर्ड तसाच पाठवतो. तो बेस64 मध्ये असतो खरा, पण ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही उलगडावं. स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. म्हणून हा पर्याय मला ‘टीएलएस नको’पेक्षाही घातक वाटतो. तिथे निदान माणसाला माहीत असतं.

यादीतून पर्याय उडवणं सोपं. खरी मेख जतन केलेल्या सेटिंगमध्ये असते. जुन्या प्रोफाइलमध्ये त्या पर्यायासाठी साठवलेला आकडा तसाच राहतो. तो ओळखणारा कोड गेला आणि डीफॉल्ट ‘साधं कनेक्शन’ असेल, तर तुमच्या सुधारणेनेच पासवर्ड उघडा पडेल! म्हणून आधी मायग्रेशन, म्हणजे जुनं सेटिंग नव्यात बदलणारा कोड, लिहा : जुना आकडा दिसला की ‘स्टार्टटीएलएस सक्तीचं’. मग स्टार्टटीएलएस न देणारा खोटा सर्व्हर उभा करून टेस्ट लिहा. कनेक्शन तुटलं एवढं तपासून भागत नाही. पासवर्डचा एक बाइटही बाहेर गेला नाही, हे तपासा.

क्रमही महत्त्वाचा. क्रॅम-एमडी5, म्हणजे पासवर्ड थेट न पाठवता ओळख पटवायची पद्धत, जुनं आहे, जायलाच हवं; त्यासाठी सर्व्हरला पासवर्ड किंवा त्याच्याच तोडीचं काहीतरी साठवावं लागतं. पण टीएलएस सक्तीचं करण्याआधी ते काढलंत, तर क्लायंट उघड्या तारेवर पासवर्ड जसाच्या तसा पाठवणाऱ्या ‘प्लेन’ पद्धतीकडे घसरू शकतो. टीएलएस 1.0 आणि 1.1 चं मात्र फार वाद घालण्यासारखं उरलेलं नाही. आरएफसी 8996 ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) 2021 मध्ये दोन्ही मोडीत काढले.

आणि तक्रारी येणारच : ‘कालपर्यंत चालत होतं.’ त्यांना झिडकारू नका. त्या माणसाचा जुना सर्व्हर बहुधा त्याच्या हातात नसतो. एक आवृत्ती आधी इशारा द्या. एररमध्ये ‘कनेक्शन अयशस्वी’ एवढंच लिहू नका. मेल आणायला आयमॅप असेल तर पोर्ट 993, पीओपी असेल तर 995, मेल पाठवायला 465 वापरून पाहा, असं स्पष्ट सांगा. आरएफसी 8314 चाही कल याच पोर्टांकडे आहे.

पॅच (केलेला बदल) पाठवताना इशारा, मायग्रेशन आणि कोड काढणं यांचे कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, याच क्रमाने वेगळे ठेवा. काही अडलंच, तर फक्त शेवटचा कमिट मागे घेता येतो. मायग्रेशन जागेवर राहतं.