कालवा आणि शेतीची जुनी इंग्रजी पत्रं: उतरवून घेताना

पुण्याकडे वसलेल्या एखाद्या इंग्रज कुटुंबाच्या पत्रांचा गठ्ठा हाती आला, तर लगेच वाचायला बसू नका. दोरी सोडण्याआधी फोटो घ्या. आहे तोच क्रम ठेवून प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात 2बी पेन्सिलीनं हलका आकडा टाका. पाकीट पत्रासोबतच राहू द्या. पुष्कळदा पुरी तारीख टपालाच्या शिक्क्यावरच मिळते.

शाई तपकिरी पडली असेल तर ती बहुधा माजूफळ-हिराकसाची. तिचं आम्ल कागद खातं, दमट हवेत अधिक वेगानं. म्हणून घड्या काढायला वाफ नको, इस्त्री तर नकोच. पत्र दोन टिपकागदांत ठेवून वर हलकं वजन द्या. पुण्यात हे काम पावसाळा टाळून हिवाळ्यात करावं. सेलोटेप आणि लॅमिनेशन वर्ज्य.

कागद वाचवायला एकाच पानावर आडवं लिहून, मग पान फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा लिहायची रीत होती. अशा पानाचे दोन फोटो घ्या, दुसरा पान फिरवून. फिकट शाईसाठी फोटोतला निळा चॅनल (लाल, हिरवा, निळा या रंगथरांपैकी निळा) वेगळा काढून पाहा. अक्षरं उठतात, पण पिवळे डागही उठतात.

तारखांत ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना, ‘इन्स्ट.’ चालू, ‘प्रॉक्स.’ पुढचा. हे सुटलं की पेरणीची तारीख काढणीच्या महिन्यात जाते.

खरी फसगत मापांत होते. कालव्याच्या कामात ‘50 चेन’ लिहिलं असेल तर आधी चेन, म्हणजे जमीन मोजायची साखळी, कुठली ते शोधा. गुंटरची साखळी 66 फुटांची, इंजिनिअरची 100 फुटांची. अंतर 3,300 फूट की 5,000, हे त्यावर ठरतं. पत्रासोबत नकाशा असेल तर त्यावर ताडून पाहा. मातीकाम ब्रासमध्ये असेल तर एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. शेत एकर-गुंठ्यांत: 33 फूट बाजूच्या चौरसाचा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मणाला मात्र जपा. मुंबईचा मण सुमारे 28 पौंडांचा, बंगालचा 82 हून थोडा जास्त. कुठला ते कळत नसेल तर ‘मण’च लिहा, किलो करू नका. ‘रु. 3-8-6’ म्हणजे तीन रुपये, आठ आणे, सहा पै, दशांशात 3.53. मूळ आकडा उतरवून दशांश चौकटी कंसात द्यावा.

गावांची नावं पत्रात जशी आहेत तशीच ठेवा, आजचं नाव समासात. पूना, किर्की सहज ओळखतात. ‘लेक फाइफ’ म्हणजे खडकवासल्याचा जलाशय, हे अनेकांना ठाऊक नसतं. पत्रात वर्णिलेली धरणाची भिंत आज तपासायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की 1961 च्या पानशेत पुरात खडकवासल्याचं धरणही फुटलं होतं.

मजुरांच्या हिशेबाची मोडीतली चिठ्ठी मधे सापडली तर वेगळी काढू नका, तिलाही क्रमात आकडा द्या. मोडी येत नसेल तर अंदाजानं वाचू नये. जाणकाराला फोटो दाखवावा, मूळ कागद हातोहात फिरवू नये.