घरातली मांजर हरवली तर

कधीही उंबरा न ओलांडलेली मांजर बाहेर पडली की ती सहसा दूर पळत नाही. घाबरून जवळच्याच आडोशाला निपचित बसून राहते आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १,२१० हरवलेल्या मांजरांच्या अभ्यासात, सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. म्हणून आधी गाव पालथा न घालता आपले आवार आणि शेजारची घरे बारकाईने तपासावीत.

आपल्या गोव्यात लपायला जागा पुष्कळ. जिन्याखालची पोकळी, चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटी, रचून ठेवलेली चुडते, कुळागरातली पाटाकडेची झुडपे, बंद असलेले शेजारघर आणि त्याचा माळा हे सारे स्वतः वाकून पाहावे. शेजाऱ्यांना केवळ विचारून थांबू नये. त्यांच्या परवानगीने कोठी आणि गॅरेज उघडून घ्यावे, कारण मांजर आत कोंडली गेल्याचे घरच्यांनाही ठाऊक नसते. विहिरीतही जरूर डोकवावे.

खरा शोध मध्यरात्रीनंतर, वर्दळ थांबल्यावर घ्यावा. विजेरी डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीलगत प्रकाश फिरवला की मांजरीचे डोळे चमकतात. दिसली तरी धावू नये. खाली बसून हळू आवाजात बोलावे आणि तळलेल्या बांगड्याचा तुकडा पुढे ठेवावा.

आठवडा लोटला तरी शोध सोडू नये. भुकेने धीर येऊन कित्येक मांजरे उशिरा बाहेर येतात.