विहिरींची वही आणि परदेशातली शिष्यवृत्ती

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावची एक मुलगी वडिलांना घेऊन घरी आली. बीएस्सी झालेली. वडिलांच्या हातात बाजाराची पिशवी आणि पिशवीत लेकीची सगळी प्रमाणपत्रं, प्लास्टिकच्या कव्हरात घालून. "ताई, बाहेरदेशी शिकायला पैसे मिळतेत म्हणं, खरं हाय का?" त्यांनी विचारलं. दोन तास बसलो आम्ही. ते गेल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच ठेवावं. हेच दोन तास मला कुणी दिले असते तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मी लातूर जिल्ह्यातली. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, दोन-अडीच वर्षं पाणलोटाच्या कामावर काढली आणि मग जर्मनीत जल व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. सगळा खर्च डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या शिष्यवृत्तीतून झाला. पहिल्या वर्षी नकार आला होता. दुसऱ्या वर्षी मिळाली.

सुरुवात बहुतेकांची होते तशीच माझीही झाली, सल्लागाराच्या ऑफिसातून. बसने संभाजीनगरला गेले. समोरच्या बाईंनी गुणपत्रिका पाहिल्या आणि म्हणाल्या, "स्कॉलरशिपच्या नादी लागू नका, ते आयआयटीवाल्यांना मिळतं." मग एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक पुढे केलं. फी चोवीस लाख, त्यात चार लाखांची "स्कॉलरशिप" आणि आठवड्याभरात दीड लाख डिपॉझिट. सोबत आलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाहेर येऊन चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "चार गेले तरी वीस राहतेतच की." तो हिशोब डोक्यात पक्का ठेवा. फीत सूट ही शिष्यवृत्ती नव्हे. जिच्यात फी, राहणं-खाणं, विमा आणि तिकीट येतं ती पूर्ण शिष्यवृत्ती, आणि शोधायची तीच. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. अशा बऱ्याच ऑफिसांना पैसे विद्यापीठाकडून मिळतात, प्रत्येक प्रवेशामागे कमिशन. जिथं फीच नाही तिथलं कमिशनही नाही, म्हणून फुकटच्या शिक्षणाची वाट तिथं सहसा कुणी दाखवत नाही.

मग पैसा कुठं आहे? तो देणारा प्रत्येक जण कशासाठी तरी देतो, आणि ते "कशासाठी" ओळखण्यातच निम्मं काम होतं. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या पैशामागेही करार होता, शिकून आल्यावर बडोदा संस्थानाची नोकरी करायचा. आजच्या शिष्यवृत्त्यांचंही तसंच आहे, फक्त अपेक्षा वेगवेगळ्या आहेत.

ब्रिटिश सरकारची चेवनिंग एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला पूर्ण पैसे देते, पण तिला कामाचा अनुभव लागतो, दोन वर्षं म्हणजे २,८०० तास, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. गुणांपेक्षा तुम्ही चार माणसांना घेऊन काय घडवलंत हे ती विचारते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांत निदान दोन देशांत शिकायचं असतं. फी लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. तिथं अनुभवाची सक्ती सहसा नसते, शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात, म्हणून कॉलेजात असलेल्यांनी आधी हीच पाहावी. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप तीन वर्षांचा अनुभव मागते. मी घेतली ती डाडची योजना विकसनशील देशांतल्या नोकरदार पदवीधरांसाठी आहे. निदान दोन वर्षांचं काम हवं आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. अभ्यासक्रमही ठरलेल्या यादीतलेच घ्यावे लागतात: पाणी, शेती, सार्वजनिक आरोग्य, नगररचना असे. ती यादी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा वाटलं, हे तर आपल्या जिल्ह्याच्या अडचणी बघूनच केलंय.

यातल्या कुठल्याच अर्जाला एजंट लागत नाही. फक्त वेळ लागतो, आणि इथं आपली माणसं चुकतात. पुढच्या वर्षीच्या शिक्षणाचे अर्ज यंदाच भरायचे असतात. चेवनिंगचा अर्ज ऑगस्टात उघडतो आणि ऑक्टोबरात बंद होतो. डाडच्या बऱ्याच अभ्यासक्रमांच्या तारखाही ऑगस्ट ते ऑक्टोबरच असतात. म्हणजे पोळ्यापासून सोयाबीनच्या राशी होईपर्यंतचे दिवस. घरात सगळ्यात जास्त काम तेव्हाच असतं. म्हणून कागद मृगाआधीच गोळा झाले पाहिजेत. इरॅस्मसचे बरेच अर्ज त्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीत चालतात.

आता पत्र. मोटिव्हेशन लेटर म्हणतात ते. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं की जर्मनी तंत्रज्ञानात पुढे आहे, मला लहानपणापासून अभियांत्रिकीची आवड आहे आणि मला माझ्या देशाची सेवा करायची आहे. तेच पत्र देशाचं नाव बदलून चार ठिकाणी पाठवलं. चारही ठिकाणांहून नकार. खूप रडले. मग एका संध्याकाळी ते पत्र आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "यात तू कुठंयस? हे पत्र पुण्यातली, पंजाबातली कुठलीही मुलगी लिहू शकते. तुझी वही कुठंय?"

वहीचं सांगते. २०१६ साली मी बारावी देऊन लातुरातच खोली करून राहिले होते, सीईटीच्या तयारीसाठी. त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस टँकर नसायचा, आणि पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं जमावबंदी लावली होती. पुढं पाणलोटाच्या नोकरीला लागल्यावर मी आमच्याच गावातल्या पाच विहिरींचं पाणी मोजायला लागले. साधन काही नव्हतं. सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठ मारली, टोकाला लोखंडी नट बांधला. दर अमावस्येला सकाळी उपसा सुरू व्हायच्या आत जायचं, दोरी सोडायची, नट पाण्याला टेकला की हाताला कळतं, मग वर ओढत गाठी मोजायच्या आणि दोनशे पानी वहीत लिहायच्या. अमावस्या अशासाठी की तारीख विसरते, अमावस्या गावात कुणी विसरत नाही. पहिल्या वेळी शेजारच्या आज्जीनं विचारलं, "काय मोजलालीस गं पोरी?" दुसऱ्या वर्षी त्याच म्हणायल्या, "औंदा दोन गाठी कमीच हाय बघ." दोन वर्षांच्या नोंदींतून एक गोष्ट दिसली. बंधाऱ्याखालच्या दोन विहिरींना फायदा झाला होता, पण तिसरीचं पाणी उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा लवकर उतरत होतं, कारण तिच्या भोवती नवे बोअर पडले होते. आमच्या खालचा काळा पाषाण पाणी कसं आणि किती धरतो, हे मला नीट येत नव्हतं. तेच मला शिकायचं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या पत्रात मी एवढंच लिहिलं. पाच विहिरी, दोन वर्षं, तिसऱ्या विहिरीचं काय झालं, ते समजायला मला काय येत नाही, या अभ्यासक्रमातले कुठले दोन विषय ते शिकवतात आणि परत येऊन मी कुठल्या तालुक्यात काय करणार. दोन पानं. वहीच्या एका पानाचा फोटो मुलाखतीसाठी जवळ ठेवला होता. मुलाखतीत पहिला प्रश्न दोरीबद्दलच आला.

तुमच्याकडेही अशी वही असते, तिला तुम्ही वही म्हणत नाही एवढंच. कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदी केल्या असतील, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं असेल, कुणी बापाच्या आजारपणात सरकारी दवाखान्याची वाट रोज तुडवली असेल. ते आकड्यांसकट, नावागावासकट लिहा. गरिबीचं वर्णन करून पत्र भरू नका. परिस्थिती एका वाक्यात सांगा, बाकीची जागा कामाला द्या.

शिफारसपत्रांबद्दल थोडं. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." ते प्रेमानंच म्हणतात, पण तिन्ही पत्रं एकाच हातची वाटली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी सरांना एका पानावर मुद्दे द्या: कुठल्या वर्षी काय शिकवलं, कुठला प्रकल्प त्यांच्याकडे केला, तेव्हा काय अडलं होतं. मग ते स्वतःच लिहितात, आणि फार चांगलं लिहितात. पत्र लेटरहेडवर, सही, शिक्का आणि तारखेसह हवं. सरांचा कॉलेजचा ईमेल असेल तर तोच द्या.

आणि नावं. माझ्या दहावीच्या सनदेवर अण्णांच्या नावात इंग्रजीत डबल ई होते, पदवीवर आय, आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. परदेशातल्या ऑफिसला ही तीन वेगळी माणसं वाटतात. दुरुस्तीला माझे चार महिने आणि विद्यापीठाच्या सात खेपा गेल्या. दर वेळी खिडकीवर वेगळा माणूस आणि वेगळं उत्तर. तुम्ही आजच सगळे कागद एका ओळीत मांडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा. पदवीवरची चूक विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्या, किरकोळ फरकासाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्याचा अर्जही आत्ताच टाका, चार-पाच प्रती सीलबंद घ्या. आयईएल्ट्सची, म्हणजे इंग्रजीची परीक्षा मात्र शेवटी द्या. तिचा निकाल दोनच वर्षं चालतो आणि फी सतरा हजारांच्या पुढं आहे, ती वाया जाऊ देऊ नका.

सरकारी योजनांचा रस्ता वेगळा आहे. माझा एक वर्गमित्र, निलंगा तालुक्यातला, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. समाजकल्याण विभागाची ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची, महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची योजना आहे. ओबीसी, भटके विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक यांच्यासाठी त्या त्या विभागांच्या आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जणांना मिळते. तिच्यात बहुतेक जागा अनुसूचित जातींच्या, पण विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या घरातली मुलंही बसतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. इथं सुंदर पत्रापेक्षा कागद आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी मोठी. क्रमवारीची अट मधेमधे बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर न जाता यंदाची जाहिरात स्वतः वाचा.

त्या मित्राचं जवळजवळ हुकलंच होतं. विद्यापीठानं प्रवेश दिला होता, पण सशर्त: इंग्रजीचा निकाल आणि अंतिम पदवी आल्यावर पक्का. राज्याच्या योजनेला विनाअट प्रवेशपत्र लागतं. त्यानं विद्यापीठाला रोज ईमेल केले आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पत्र आलं. दुसरा अडथळा जात वैधतेचा. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हे घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या किती जणांना माहीत नसतं. पडताळणी समितीकडे फाइल आज टाकली तर कधी निघेल ते तुमच्या हातात नाही. रहिवासी दाखला आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तुलनेनं लवकर होतो.

शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्राची थोडी वर्गणी असते. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात.) व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. रुपयांत दहा-बारा लाख होतात. ते पैसे तुमचेच राहतात, महिन्याला ९९२ युरो या हिशोबानं परत मिळतात. शिवाय कागदपत्रं खरी आहेत ना, याची एपीएस नावाची तपासणी करावी लागते, तिची फी १८,००० रुपये.

हे दहा-बारा लाख कर्जाने उभे करायचे तर एक अडचण आपल्या भागात सगळ्यांना येते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि सातबारा पुढं केला की म्हणतात शेतजमीन चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा शहरातलं घर आणा. आम्हालाही हेच ऐकावं लागलं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून कर्जाचं आधीच विचारून घ्या, व्हिसाच्या तोंडावर नको. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट अजून चालू आहे. ती कर्जरूपानं मदत करते, तिच्याकडंही अर्ज करून बघा.

त्या मुलीनं निघताना तिच्या पत्राचा कच्चा खर्डा दाखवला. पहिलीच ओळ होती, "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." मी ती खोडली आणि विचारलं, दवाखान्यातल्या लॅबमध्ये सहा महिने होतीस, तिथं काय पाहिलंस? थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, डेंग्यूच्या दिवसांत एका वाडीतूनच जास्त नमुने यायचे, तिथं सगळ्यांच्या दारात पाणी साठवायच्या उघड्या टाक्या होत्या. मी पेन तिच्या हातात दिलं. तिचे वडील तोवर दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव बोट ठेवून ताडून बघत होते.