कृतज्ञतेची वही : रोज नको, आठवड्यातून एकदा

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइल नको, तो हातात आला की आधी मेसेजच वाचले जातात. रविवारी रात्री, भांडी आवरल्यावर 10 मिनिटं पुरतात. आठवड्यात ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं त्या गोष्टींच्या नोंदी, जास्तीत जास्त पाच. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 सालच्या अभ्यासातही एका गटाला आठवड्यातून एकदा, पाचपर्यंतच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या.

खरी गोम नोंद कशी लिहायची यात आहे. ‘घर, आरोग्य, कुटुंब’ असं लिहिलंत तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते, कारण दर वेळी तीच यादी. त्याऐवजी : ‘मंगळवारी पाणी सोडणाऱ्यामुळे पाणी 15 मिनिटं जास्त आलं, पिंप भरलं.’ वस्तू, वार आणि ती कोणामुळे मिळाली, हे तिन्ही हवं. पाणी सोडणारा, पहाटे दूध टाकणारा, कचरा नेणारी... माणूस सापडला की नोंद जिवंत होते. सुचतच नसेल तर उलटं विचारा : गॅस आज संपला असता तर?

वाईट आठवड्यात एकच नोंद चालेल. ओढूनताणून मात्र मुळीच नको. आणि महिन्यातून एकदा तरी त्या माणसाला तोंडी सांगा. ‘धन्यवाद’ जड वाटतं. ‘तुमच्यामुळे सकाळचा चहा वेळेवर होतो’ एवढं बास.