पवनचक्कीने शेततळ्यात आधी हवा सोडा, मग पाणी उपसा

आमचं शेत साक्री तालुक्यात, निजामपूरच्या बाजूला, माळावर. ओट्यावर उभं राहिलं की ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या कंपन्यांच्या पवनचक्क्या रांगेनं दिसतात. आमच्या दोन चक्क्या त्यांच्यापुढे अगदी लहान. ३ मीटरचं चाक, ९ मीटरचा मनोरा. एक तळ्याच्या तळाशी हवा सोडते, दुसरी टाकीत पाणी चढवते. बघायला येणारे सगळे आधी पाण्याच्या चक्कीकडे जातात. मी त्यांना हवेच्या चक्कीपाशी नेते, कारण सुरुवात तिथून करायला हवी असं माझं ठाम मत आहे.

हे मत बनायला मला मोठी किंमत मोजावी लागली. आमचं तळं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली त्या वेळचं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, म्हणजे २१९६ घनमीटर, जवळपास २२ लाख लिटर पाणी. आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले होते. एका मे महिन्यात पहाटे पाचला आबा (माझे सासरे) हाक मारत आले. बॅटरी मारून पाहिलं तर सगळ्या तळ्यावर गोल गोल तोंडं. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते, आणि मोठे कटले कडेला आडवे झाले होते. असं होतं तेव्हा मोठा मासा आधी जातो. वीज नव्हती. घरातल्या सगळ्यांनी बादल्यांनी पाणी उचलून पुन्हा तळ्यात आपटलं. उजाडेपर्यंत निम्मे मासे गेले.

कारण नंतर समजलं. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासा घाबरा होतो. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. वरचं गरम पाणी वरच राहतं, तळाचं थंड पाणी खालीच कोंडतं, आणि तिथं सडक्या अंड्याचा वास धरतो. त्या पाण्यानं ठिबकचे ड्रीपरही चोंदतात. मासे नसले तरी हवा सोडायला हे एवढं कारण पुरेसं आहे.

हवा आधी म्हणण्याचं दुसरं कारण जागेचं. पाणी ओढणारी चक्की पाण्यापाशीच उभी करावी लागते, आणि शेततळं बहुतेक वेळा शेताच्या सखल कोपऱ्यात असतं. हवा मात्र नळीतून लांब नेता येते. आमची हवेची चक्की टेकाडावर आहे, तळं तिथून ६० मीटर लांब, खालच्या बाजूला.

जागा ठरवण्याआधी वारा मोजा. यंत्र लागत नाही. २० फुटी बांबूला जुन्या लुगड्याची पट्टी बांधा आणि सकाळ, दुपार, रात्र वहीत लिहा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, पट्टी सरळ उडते, तेव्हा वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो. एवढ्यावर चक्की चालते. धूळ आणि कागद उडायला लागले की २० ते २८. आमच्याकडे आखाजीपासून (अक्षय तृतीया) पोळ्यापर्यंत वारा भरपूर, दसऱ्यानंतर पडतो. तुमच्या माळावर काय होतं ते तुमची वही सांगेल. पठारावरच्या मोठ्या चक्क्या फिरतात म्हणून खालच्या नाल्यातही वारा असेल असं धरू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून १०० मीटरच्या आत झाड किंवा घर असेल तर चाकाची खालची कड त्याच्या शेंड्यापेक्षा निदान ३ मीटर वर हवी. आणि विजेच्या तारांपासून इतकं लांब उभं करा की मनोरा आडवा पडला तरी तारेला लागणार नाही.

चाकाला १२ पाती ठेवा, पत्र्याची, किंचित वळवलेली. दोन-तीन पात्यांचं चाक वेगानं फिरतं पण हलक्या वाऱ्यात सुटत नाही. आपल्याला जोर हवा, वेग नको. मनोऱ्याचे पाय ४ फूट खोल काँक्रीटमध्ये, आणि मूळ जमिनीत. तळ्याच्या भरावाच्या बांधावर पाया घालू नका, भराव बसतो आणि मनोरा कलतो.

आता हवा दाबणारा भाग. मी ट्रकच्या एअर ब्रेकचे दोन डबे वापरले, ज्यांच्या आत रबरी पडदा असतो. महामार्गावर धुळ्याजवळ जुन्या सामानात मिळाले. इथं एक गोष्ट जिवाची आहे. पुढच्या चाकाचा एकेरी डबा घ्या. मागच्या चाकाच्या दुहेरी डब्यात दाबून बसवलेली स्प्रिंग असते. तो उघडताना झाकण उडालं तर माणूस मरतो. तो डबा हातातही घेऊ नका.

चाकाच्या दांड्यावर २५ मिलिमीटरचा क्रँक, त्याला समोरासमोर दोन डबे. एक दाबतो तेव्हा दुसरा ओढतो, म्हणून चाकावर भार सारखा राहतो. डब्याला हवेसाठी एकच तोंड असतं. त्याला टी (तीन तोंडांचा जोड) लावा, टीच्या एका बाजूला हवा आत घेणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं हवा जाऊ देणारी झडप, दुसऱ्या बाजूला बाहेर सोडणारा. दोन्ही डब्याला अगदी चिकटून हवेत. आमच्या वेल्डर भाऊनं पहिल्यांदा मध्ये फूटभर पाइप ठेवला होता, आणि चक्की दिवसभर फिरूनही तळ्यात बुडबुडा नाही. त्या फूटभर पाइपातलीच हवा आत-बाहेर होत होती. आबा खालून ओरडत होते, "वारा चांगला शे, पन हवा कोठे जाई ऱ्हायनी?" पाइप काढला आणि पाच मिनिटांत तळ्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखं वर आलं. आत हवा घेणाऱ्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा, आपल्याकडच्या धुळीत व्हॉल्व्ह एका आठवड्यात अडकतो.

चाकाच्या मिनिटाला ३० फेऱ्यांत दोन डबे मिळून २० लिटरच्या आसपास हवा देतात, चांगल्या वाऱ्यात त्याच्या दीडपट. अडीच मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे पाव किलो असतो, तेवढा हे डबे सहज पेलतात.

हवेची नळी म्हणून ठिबकची १६ मिलिमीटरची कोरी लॅटरल, म्हणजे भोकं नसलेली नळी, वापरा. जोड कुठल्याही कृषी दुकानात मिळतात. टेकाडापासून तळ्यापर्यंत ती जाड पाइपात घालून फूटभर खोल पुरा, नाहीतर घुशी कुरतडतात. वर चाक वाऱ्याकडे तोंड फिरवतं तेव्हा नळीला पीळ पडतो. मनोऱ्याच्या मधल्या पाइपातून ती सैल सोडा, आणि महिन्यातून एकदा पीळ उलगडा. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून फार पीळ पडत नाही.

तळ्यात हवा सोडायला रबरी डिस्क लावा, मत्स्यपालनाच्या सामानात मिळते. बुडबुडे सोडणारे दगडी तुकडे आठवड्यात शेवाळतात. डिस्क तळापासून फूटभर वर राहिली पाहिजे, म्हणजे गाळ ढवळत नाही. वजनाला दगड किंवा लोखंड नको, कागद फाटतो. सिमेंट भरलेला पीव्हीसीचा तुकडा जुन्या ट्यूबच्या रबरात गुंडाळून बांधा.

सुरू करताना घाई करू नका. तळाचं कुजकं पाणी एकदम वर आलं तर तेच सगळा प्राणवायू खातं, आणि चांगले असलेले मासेही मरतात. पहिल्या दिवशी दुपारी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं आठवडाभर वाढवत न्या. सहाव्या दिवशी मी कडेला बसून पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा वास गेलेला होता.

भाद्रपदापुढे ढग आणि बंद वारा असे दोन दिवस एकत्र आले की चक्की उभीच राहते, आणि धोका तेव्हाच असतो. त्या दिवसांत खाद्य बंद करा आणि रात्री लहान मोटरीनं तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. वारा एकटा पुरत नाही हे आधी मान्य करून मोटर ठेवा.

पाण्याच्या चक्कीबद्दल थोडक्यात. गावोगावच्या इंडिया मार्क दोन हातपंपाचा सिलिंडर घ्या. त्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत ४०० मिलिलिटर पाणी. मिनिटाला ३० फेऱ्या धरल्या तर ताशी सातशे लिटर. दहा तास वारा मिळाला तर ७००० लिटर टाकीत, आणि तिथून डाळिंबाला उताराच्या जोरावर ठिबक. एकूण चढाव ९ मीटरपर्यंत ठेवा. सिलिंडर शक्यतो पाण्यातच बुडवा. वरून ओढायचं झालं तर ६ मीटरपलीकडे भरवसा नाही. खालच्या व्हॉल्व्हला जाळी बांधा. चामड्याचा वायसर बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवा, कोरडा बसवला तर पहिल्या दिवशीच चिरतो.

राहिलं वादळ. चाकाचा दांडा मनोऱ्याच्या मध्यापासून थोडा बाजूला बसवलेला हवा आणि शेपटी बिजागरीवर, म्हणजे जोराच्या वाऱ्यात चाक आपोआप अंग चोरतं. पहिल्या वर्षी बिजागरी वेल्डिंगनं पक्की करून टाकली होती, शेपटी हलते म्हणून. अवकाळीच्या एका संध्याकाळी सात पाती कागदासारखी दुमडली. आता शेपटीला बांधलेली नायलॉनची दोरी खाली मनोऱ्याच्या पायापर्यंत येते. आभाळ पश्चिमेला पिवळं-काळं दिसलं की जो जवळ असेल तो दोरी ओढून खुंटीला अडकवतो, चाक वाऱ्याला कड दाखवून उभं राहतं. चाक फिरत असताना मात्र वर कोणीही चढायचं नाही. ग्रीस भरायचं ते दोरी बांधून, पहाटे वारा पडलेला असताना, आखाजीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.